अनमोड घाट आणि 400 लिटर उकळते पाणी

कर्नाटक-गोवा सीमेवरचा अनमोड घाट उतरून मोले गाठलेला एक दहा चाकी ट्रक गेल्या महिन्यात रस्त्याच्या कडेला उभा होता, आणि त्याचा क्लीनर बादलीने मागच्या चाकांवर पाणी ओतत होता. पाणी पडताच चर्र आवाज होऊन वाफेचा लोट उठे, आणि ब्रेकच्या जळलेल्या लायनरचा, म्हणजे घासून वेग रोखणाऱ्या अस्तराचा, कडवट वास बराच वेळ हवेत राहत होता. बेळगावहून कोबी-टोमॅटो घेऊन आलेल्या त्या ट्रकच्या चालकाने अगदी सहजपणे सांगितले, की उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की डिझेल वाचते. ही समजूत घाटात ट्रक चालवणाऱ्या अनेकांची आहे आणि ती चुकीची आहे, परंतु ती का चुकीची आहे हे पाहण्याआधी या उतरणीचा थोडा हिशेब मांडायला हवा.

केंद्र सरकारने 2018 मध्ये वाढवलेल्या मर्यादेनुसार दहा चाकी ट्रकचे मालासह वजन 28.5 टनांपर्यंत असू शकते. घाटाची उंची सोयीसाठी 500 मीटर धरली आणि शाळेत शिकलेले वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची यांच्या गुणाकाराचे सूत्र वापरले, तर माथ्यावर उभ्या असलेल्या या ट्रकपाशी पायथ्याच्या तुलनेत सुमारे 140 मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा साठलेली असते. एक लिटर डिझेल जळून सुमारे 36 मेगाज्यूल ऊर्जा मिळते, पण चांगले इंजिनसुद्धा त्यातली 40 टक्क्यांच्या आसपासच चाकांकडे पोहोचवते, म्हणून हेच वजन घाटावर चढवायला जवळजवळ 10 लिटर डिझेल लागेल. त्यातून सुमारे 26 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. साडेआठ किलोहून कमी वजनाच्या डिझेलमधून 26 किलो वायू कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. डिझेलमधला कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेऊन जातो, आणि वाढलेले सगळे वजन त्यांचेच असते.

आता उतरणीकडे वळू. टायरांचे घर्षण आणि हवेचा अडथळा मिळून त्या 140 मेगाज्यूलपैकी फार तर सहावा भाग खातात. उरलेली ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते, नाहीतर ती वेगात उतरेल. ही ऊर्जा इतकी असते, की न्हाणीतल्या चुलीवरच्या भाणात 400 लिटर पाणी असते तर ते उकळले असते. न्यूट्रलमध्ये हे सारे ओझे सहा ब्रेक ड्रमांवर पडते. ड्रम तापून फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या ब्रेक-शूपासून दूर सरकतो, लायनरमधली राळ जळून वायू सुटतो, आणि चालक पेडल दाबत राहिला तरी ट्रक थांबत नाही. अशा तापलेल्या बिडाच्या ड्रमावर थंड पाणी ओतले, तर त्याला तडे जाण्याची शक्यता वाढते.

गिअरमध्ये राहिल्यास चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि आजच्या संगणक-नियंत्रित इंजिनात अशा वेळी डिझेलची फवारणी पूर्णपणे बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर फिरते ठेवायला तासाला दीड-दोन लिटर डिझेल जळत राहते. याचा अर्थ बचतीसाठी वापरलेली युक्तीच खर्च वाढवते.

मात्र डिझेल इंजिन हा स्वभावतः दुबळा ब्रेक आहे, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. दट्ट्या (पिस्टन) वर येताना सिलिंडरमधली हवा सुमारे सतराव्या हिश्शात कोंबतो आणि त्यासाठी चाकांकडून ऊर्जा घेतो. परंतु दबलेली ही हवा स्प्रिंगसारखी असते, त्यामुळे पुढच्या क्षणी दट्ट्याला खाली ढकलून ती घेतलेले बहुतेक सारे परत करते. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवरची झडप मिटली, की पोकळी निर्माण होऊन इंजिन अडते, पण डिझेल इंजिन या झडपेच्या आधाराने चालत नाही. म्हणून ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक असतो, जो धुराच्या नळीत पडदा टाकून दट्ट्याला उलट दाबाविरुद्ध झगडायला लावतो. त्याहून चतुर उपाय डिझेल इंजिने बनवणारे अमेरिकन उद्योजक क्लेसी कमिन्स यांचा आहे. 1931 मध्ये अमेरिकेतील कॅहोन खिंड उतरताना त्यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी होऊन ते थोडक्यात बचावले होते, आणि पुढे त्यांनी शोधलेला ब्रेक 1961 मध्ये बाजारात आला. त्यात हवा पूर्ण दबल्याच्या क्षणी एक्झॉस्ट झडप उघडते, स्प्रिंग उसळण्याआधीच सुटून जाते, आणि घेतलेली ऊर्जा परत न होता गरम हवेच्या रूपाने सायलेन्सरमधून फटफटत बाहेर पडते.

हे सोडून ट्रकच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली जाते, तिने ड्रमाचे तापमान एका अंशानेही उतरत नाही. डिझेलच्या नळीवर चुंबक बसवून वीस टक्के बचतीचे वचन देणारे विक्रेतेही त्याच माळेचे मणी आहेत. इंजिनात गेलेले डिझेल मुळात जवळजवळ पूर्ण जळते, मग जळायचे राहिलेले वीस टक्के हा चुंबक आणणार कुठून?

लायनर झिजून उडणारी लोह व इतर धातूंची सूक्ष्म धूळ हा वेगळाच प्रश्न आहे. आपल्याकडे 2020 पासून लागू झालेले भारत स्टेज 6 मानक धुराचे आहे, या धुळीचे नाही. ब्रेकच्या धुळीला मर्यादा घालणे युरोपने युरो 7 या मानकात प्रथमच सुरू केले आहे. अनमोडचा रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो, आणि कडेला साठलेली धूळ पावसाच्या पाण्याबरोबर ओहोळांकडेच वाहते.

गोव्याच्या बाबतीत या हिशेबाला एक सोयीची बाजू आहे. भाजी बेळगावकडून खाली येते आणि अनेक ट्रक रिकामे वर जातात, म्हणजे उतरताना वजन जास्त आणि चढताना कमी. स्वित्झर्लंडमधल्या बील शहराजवळच्या खाणीत नेमक्या अशाच स्थितीत इलेक्ट्रिक डंपर चालतो. भरलेला उतरताना त्याची मोटर जनित्र बनून बॅटरी भरते, आणि रिकामा वर जायला ती ऊर्जा पुरते. आपल्या दहा चाकी ट्रकला उतरणीत जिरवाव्या लागणाऱ्या ऊर्जेपैकी दोन-तृतीयांश परत मिळाली, तर सुमारे 21 युनिट वीज जमेल, आणि 10 टनांचा रिकामा ट्रक घाट चढायला 19 युनिटांच्या आसपास लागेल. बॅटरीचे स्वतःचे वजन धरले, तर हा नफा बराचसा आटतो, आणि मोले ते मडगाव किंवा पणजी हा पल्ला वेगळ्या विजेवरच गाठावा लागतो. शिवाय असा ट्रक अनमोडला पोहोचेल तेव्हा त्याची बॅटरी भरलेली असता कामा नये, कारण भरलेल्या बॅटरीत उतरणीची वीज साठवायला जागा उरत नाही आणि सारे ओझे पुन्हा त्याच सहा ड्रमांवर येते.