'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

पर्यायी उपचारांच्या जाहिरातींत एक वाक्य वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे : 'पूर्णपणे नैसर्गिक, त्यामुळे दुष्परिणाम शून्य.' हे खरं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकने वजन घटवण्यासाठी स्त्रियांना वनौषधी दिल्या. त्यांत ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती मिसळली गेली होती. शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडं बिघडली. अनेकींवर डायलिसिसची किंवा मूत्रपिंड बदलण्याची वेळ आली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीमुळे तर गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. सगळेच उपचारक जाणूनबुजून फसवतात असं मी म्हणणार नाही; अनेकांचा आपल्या औषधावर मनापासून विश्वास असतो. तरीही, रुग्ण आधीच कोणती औषधं घेतोय हे न विचारता सरसकट 'निर्धोक' असं छापणं मला अप्रामाणिकच वाटतं.