चोर्ला घाट चढणारी बस आणि वीस सेकंदांचा उशीर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत स्मार्ट बोर्ड बसला, त्या दिवशी मला विज्ञानाची जुनी शिक्षिका म्हणून बोलावलं होतं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि नववीच्या मुलांना गतीवरचा एक व्हिडिओ दाखवला गेला. व्हिडिओ छानच होता. निळी गाडी धावते, बाजूला तिचा ग्राफ उमटत जातो, निवेदकाचा आवाज स्वच्छ. "समजलं?" असं विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "येस टीचर!"

मग मी शेजारच्या साध्या फळ्यावर खडूने एक ग्राफ काढला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर बसस्टँडपासूनचं अंतर. रेघ आधी तिरकी वर, मग थोडी आडवी, मग तिरकी खाली. बस काय करते आहे? पुढच्या बाकावरचा एक मुलगा लगेच उठला. "टीचर, बस चोर्ला घाट चढते, वर सपाटीवर जाते आणि मग उतरते." मागच्या बऱ्याच माना होकारार्थी हलल्या.

बस घाट चढतच नव्हती. ती स्टँडपासून दूर गेली, थांबली आणि परत आली. रस्ता सपाटही असू शकतो. या मुलाला मठ्ठ मात्र कुणी म्हणू नये. ग्राफला चित्र समजणं ही जगभरच्या मुलांची चूक आहे आणि शिक्षणाच्या संशोधकांनी ती कित्येक वर्षं अभ्यासली आहे. डोळ्यांना सवय चित्रांची असते, त्यामुळे चढती रेघ म्हणजे चढण हेच आधी सुचतं. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे. गोव्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. 'व्हेलॉसिटी'ची व्याख्या त्यांना तोंडपाठ असते, पण तो शब्द त्यांच्या पायांपर्यंत पोचलेला नसतो. ग्राफला माध्यम नाही. तो एकदा हाती आला की तिन्ही भाषांत वाचता येतो, म्हणून मला त्याची एवढी आस्था.

व्हिडिओने जे झालं नाही ते कशाने होईल, याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उत्तर १९८७ सालचं आहे. अमेरिकेत हेदर ब्रॅसेल या संशोधिकेने हायस्कूलच्या मुलांना एका अंतरमापक सेन्सरसमोर चालायला लावलं. एका गटाला आपल्या चालण्याचा ग्राफ त्याच क्षणी पडद्यावर दिसत होता. दुसऱ्या गटाचा सेन्सर तोच, चालणं तेच आणि ग्राफही तोच, पण तो चालून झाल्यावर साधारण वीस-तीस सेकंदांनी दिसायचा. पहिला गट एकाच तासात ग्राफ वाचण्यात स्पष्टपणे सुधारला. दुसऱ्या गटाचा तो फायदा जवळजवळ पुसून गेला. एवढ्याशा उशिराने!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. यंत्रात फरक नव्हता, फरक होता तो फक्त पाऊल उचलणं आणि रेघ वळणं यांच्यामधल्या वेळेत. पाय मागे जातो आहे हे शरीराला जाणवत असतानाच रेघ वर जाताना दिसली, तर दोन्हींची गाठ बसते. उशीर झाला की मुलाला आधी आपलं चालणं आठवावं लागतं, मग ग्राफ वाचावा लागतो आणि मग दोन्ही जुळवावी लागतात. तेवढ्यात चालण्याची आठवण विरून जाते.

१९८७ साली ती यंत्रणा महाग होती. आज एचसी-एसआर०४ नावाचा सेन्सर साधारण शंभर-दीडशे रुपयांत मिळतो आणि तो आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्रॅम घालून चालवता येणाऱ्या, छोट्या बोर्डाला जोडता येतो. गोव्यात शाळांसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची 'केअर्स' योजना आहे, त्यामुळे असं सामान मुलांना आता अगदी परकं राहिलेलं नाही. काडेपेटीएवढी पट्टी आणि तिच्यावर डब्यांसारखे दोन गोल डोळे. एक डोळा ओरडतो, दुसरा ऐकतो. ओरडणं ४०,००० हर्ट्झचं असतं आणि आपला कान २०,००० च्या पुढे बहिरा, म्हणून वर्गात काहीच ऐकू येत नाही. किडे खाणारी छोटी वटवाघळं रात्री हेच करतात. आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, यंत्र तो वेळ मोजतं, त्याला आवाजाच्या वेगाने गुणतं आणि दोनाने भागतं, कारण आवाज गेला आणि आला. झालं अंतर.

आठवड्याने मी तो सेन्सर घेऊन त्याच वर्गात गेले. स्टुलावर सेन्सर, शेजारी लॅपटॉप. कापड आवाज शोषून घेतं, म्हणून चालणाऱ्याने छातीशी वहीचा पुठ्ठा धरायचा. फळ्यावर मी तोच 'घाटाचा' ग्राफ पुन्हा काढला आणि म्हटलं, हा तुमच्या पायांनी काढा. एक मुलगी पुढे आली. ती सावकाश मागे गेली आणि रेघ वर चढली. आता आडवी रेघ हवी होती. ती तशीच एका चालीत मागे जात राहिली, कारण तिच्या मते आडवं म्हणजे 'सारखं चालणं'. रेघ काही आडवी होईना. तिने पावलं लहान केली, रेघ थोडी कलली. मग ती एकदम थबकली आणि पडद्यावर रेघ सपाट झाली. "अगे, उभं राहायचं असतं!" हे वाक्य तिने कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. घाट तिथेच संपला.

आता एक गंमत, आणि ती मला फार प्रिय आहे. पट्टीने दोन मीटर मोजून आम्ही पुठ्ठा उभा केला, पण सेन्सर म्हणाला १.९४ मीटर. सहा सेंटिमीटर गेले कुठे? मुलांनी पट्टी पुन्हा लावली, पुठ्ठा सरळ केला, तरी आकडा तोच. चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये होती. आम्ही आवाजाचा वेग सरसकट सेकंदाला ३४० मीटर लिहिला होता. हवेतला आवाजाचा वेग शून्य अंशाला सुमारे ३३१ असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. त्या खोलीत तापमान ३३ अंश होतं, म्हणजे वेग ३५१ च्या जवळ. आवाज लवकर परत आला आणि यंत्राला पुठ्ठा जवळ वाटला. प्रोग्रॅममध्ये ३५१ घातल्यावर दोन मीटर बरोबर दिसले. शंभर रुपयांच्या सेन्सरने नववीच्या पोरांना हवेचं तापमान दाखवलं!

वेगाचा ग्राफ काढताना थोडं सांभाळावं लागतं. हा सेन्सर तीन मिलिमीटर इकडे-तिकडे चुकू शकतो आणि जुने प्रतिध्वनी विरावेत म्हणून दोन मापनांत साधारण ६० मिलिसेकंद सोडावे लागतात. लागोपाठची दोन मापनं उलट बाजूंनी चुकली तर अंतरातला फरक सहा मिलिमीटर, आणि भागिले ०.०६ सेकंद म्हणजे वेगात सेकंदाला दहा सेंटिमीटरची चूक. उभ्या माणसाचा वेगही त्यामुळे थरथरतो. लागोपाठचं मापन न धरता चार मापनं मागचं, म्हणजे ०.२४ सेकंदांपूर्वीचं, धरलं की तीच चूक अडीच सेंटिमीटरवर येते. पण फार मागचं मापन धरलं तर ग्राफ मागे पडतो आणि ब्रॅसेलबाईंचा उशीर पुन्हा दारातून आत येतो. म्हणून पाव सेकंद मला ठीक वाटतो.

त्याच शाळेच्या पालकसभेत एक गृहस्थ मुलांच्या बोटांचे ठसे स्कॅन करून 'तुमचं मूल बघून शिकतं की ऐकून' हे सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी विकत होते. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, त्यात पैसे घालू नका. बोटांच्या रेषा गर्भातच ठरतात आणि मूल कसं शिकेल हे त्यांवरून सांगता येतं याला काही आधार नाही. तळहात बघून भविष्य सांगणाऱ्यात आणि यात फक्त स्कॅनरचा फरक आहे. त्या पैशांत अख्ख्या वर्गाचे सेन्सर येतात.

ज्या शाळांत सेन्सर नाही तिथे फोन आहेच. त्यातला त्वरणमापक, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारा सेन्सर, वापरणारं फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं ॲप मोफत आहे. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, हीही मोफत आहेत. दोन्ही वापरावीत, पण हात मुलाचा असावा.

पुढच्या खेपेला आम्ही लॅपटॉप स्मार्ट बोर्डला जोडला. भिंतीएवढा ग्राफ, समोर चालणारी मुलं. मी विचारलं, "उभी रेघ काढता येईल?" सगळ्यांनी उड्या मारून पाहिल्या. मग तोच घाटवाला मुलगा पुढे आला. एक मीटरवर पुठ्ठा धरून उभा राहिला आणि झटकन बाजूला झाला. सेन्सरला मागची तीन मीटरवरची भिंत दिसली आणि रेघ जवळजवळ सरळ वर गेली. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, वेग काढा. दोन मीटर भागिले ०.०६ सेकंद. मागच्या बाकावरून उत्तर आलं: सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटर.

"पण टीचर," ती थबकलेली मुलगी म्हणाली, "इतक्या जोरात गेलं कोण? भिंत तर जागेवरच आहे." तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांचं भांडण चालू होतं.