समाजवादी पक्षाचं नाशिक

नाशिक आणि स्वातंत्र्यलढा म्हटलं की बोलणं विजयानंद थिएटरपाशी येतं. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी तिथे कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तो इतिहास आपल्याला पाठ आहे. नाशिकरोडच्या तुरुंगात जे घडलं ते मात्र आपण फार कमी सांगतो, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

१९३२ मध्ये सविनय कायदेभंग पुन्हा पेटला आणि सरकारने सरसकट धरपकड केली. जयप्रकाश नारायण मद्रासला सप्टेंबरमध्ये पकडले गेले आणि नाशिकला आणले गेले. अमेरिकेत शिकताना त्यांनी कॅलिफोर्नियात पोटासाठी द्राक्षं तोडली होती, वाळवली होती, पुढे विस्कॉन्सिनमध्ये शिकताना मार्क्सही वाचला होता. द्राक्षांच्या आपल्या जिल्ह्यात हे ठाऊक असायला हवं. तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी तरुण मंडळी भेटली. चळवळीचा जोर ओसरत होता. शेतकरी-कामगारांच्या पोटाचा प्रश्न हाती घेतल्याशिवाय स्वराज्याला अर्थ नाही, पण गांधीजींची काँग्रेसही सोडायची नाही, यावर त्यांचं एकमत होत गेलं. त्यातूनच काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. मे १९३४ मध्ये पाटण्यात आचार्य नरेंद्र देवांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी परिषद भरली.

बेचाळीसच्या भूमिगत लढ्यात यांतलीच बरीच माणसं पुढे होती. पण १९४६ मध्ये त्यांनी घटना समितीवर बहिष्कार टाकला. माझ्या मते ती त्यांची मोठी चूक. राज्यघटना घडत असताना एवढी तयारीची माणसं बाहेर राहिली.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने पक्षांतर्गत पक्षाला बंदी घातली. मार्च १९४८ मध्ये समाजवाद्यांचं अधिवेशन भरलं ते नाशिकलाच, आणि काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय इथेच झाला. गांधीजींना जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. सत्तेच्या पक्षात राहणं सोपं होतं. नव्या देशाला विरोधी पक्ष हवा म्हणून त्यांनी ते सोडलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांना दहा टक्क्यांवर मतं मिळाली, लोकसभेत जागा मात्र १२ च. पुढे वाटा फुटल्या: गोरे गोव्याच्या सत्याग्रहात उतरले, एसेम संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, आणि १९३९ मध्येच समाजवादी पक्ष सोडलेले मसानी १९५९ मध्ये राजाजींबरोबर (सी. राजगोपालाचारी) थेट खुल्या बाजाराच्या बाजूने, स्वतंत्र पक्षात.