चार नावं आणि कापलेली नखं

मी घडवलेल्या शिल्पाला चेहरा का नाही, हे बघणारा पहिल्यांदा विचारतो. कमरेएवढं उंच, वारुळासारखं वर निमुळतं होत गेलेलं लाल मातीचं अंग, त्यातून पुढे आलेले दोन हात, आणि पायथ्याशी कोरलेली चार नावं: इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा. नावं माझ्या मनची नाहीत. ती कुड्याच्या लेण्यातली आहेत.

रायगड जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला, मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात सोमदेव नावाच्या वैद्याने लेणं दान दिल्याची नोंद आहे. त्याचा बाप इसिरखित, तोही वैद्य. पुढे मुलगे येतात, नाग, इसिरखित आणि सिवघोस, आणि त्यांच्यामागून या चार मुली. लेखाच्या प्राकृतात वैद्याला ‘वेज’ म्हटलंय. मी तो शब्द वाचला आणि तिथेच थांबले, कारण आमच्या तळकोकणात, गोव्यात बाळंतपण करणारीला वैजीण म्हणतात. ‘वैद्य’ प्राकृतातून घासत घासत आला आणि वैजिणीच्या तोंडी टिकला.

मुलींना लेखात कुणी वेज म्हटलेलं नाही. दान देणाऱ्यांत त्यांची नावं आहेत, बस्स. पण वैद्याच्या घरात साल कुटायला, काढा आटवायला, अडलेल्या बाईपाशी रात्रभर बसायला कोण जात असेल, याची मला तरी शंका नाही.

ग्रंथांत त्या बायका बिननावाच्या येतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचं, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचं, वर्णन आहे, तिथे अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांनी जवळ असावं असं सांगितलंय. सुश्रुत तर संख्याही देतो: चार स्त्रिया, पोक्त वयाच्या, प्रसूतीच्या कामात कुशल, आणि ‘कर्तितनखाः’, म्हणजे नखं कापलेल्या. माझी आजी सुईणपण करायची. बाळंतिणीच्या खोलीत मदतीला येणाऱ्या प्रत्येकीला तिचं पहिलं वाक्य असे, “आधी नखा काप, मगे हात लाव.” तिला अक्षरओळख नव्हती. सुश्रुताकडून ते तिच्याकडे आलं, की तिच्यासारख्या बायकांकडून सुश्रुताकडे गेलं? मला दुसरंच खरं वाटतं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला मज्जाव, मग तिथलं कळणार कुणाकडून?

एका बाईचं नाव मात्र समुद्रापार गेलं. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीमने ग्रंथांची मोठी सूची केली, तिच्यात रूसा नावाच्या भारतीय स्त्रीचं स्त्रियांच्या उपचारांवरचं पुस्तक नोंदलेलं आहे. पुस्तक हरवलं, नाव उरलं. त्याच शतकात, ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी हा बगदादचाच प्रवासी आपल्या चौल बंदराला येऊन गेला होता. रूसा कुठली, हे सूची सांगत नाही. तरी चौलच्या खाडीवर गेले की मला ती आठवतेच.

कोकणच्या किनाऱ्यावरून आणखी एक वाट निघते. आनंदीबाई जोशी गोपाळरावांच्या बदलीमुळे अलिबागला राहिल्या. पहिलं मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. अमेरिकेत बसून या मुलीला सुश्रुताच्या त्या चौघींकडे परत जावंसं वाटलं, हे वाचून माझे डोळे भरून आले होते. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या गेल्या.

आता माती. आमच्याकडे देवी मुळात मातीचीच आहे. सातेरीचं मूळ रूप म्हणजे वारूळ. वेंगुर्ल्याची ग्रामदेवताही सातेरीच. म्हणून अंगाला तो आकार दिला. जन्माचं रूप मातीत घडवणंही महाराष्ट्राला जुनं आहे. तेरला, म्हणजे जुन्या तगरला, उत्तान बसलेल्या लज्जागौरीच्या भाजक्या मातीच्या लहान मूर्ती सापडल्या, तशाच चिनीमातीच्या स्त्रीमूर्तीही. त्या गावच्या संग्रहालयात त्या बघता येतात. मी तिथे अख्खा दिवस काढला.

भातशेतीतली माती घेतली; जांभ्याच्या प्रदेशातलं लोह तिच्यात असतं, भाजली की लाल होते. भुसा मिसळला, अंग आतून पोकळ ठेवलं, तळाला भोकं पाडली, नाहीतर उरलेल्या पाण्याची वाफ होऊन भट्टीतच तडकतं. पावसाळ्यात सुरुवात करण्याची चूक केली होती. पहिले दोन्ही हात बोटांपाशी फुटले. दुसरे दिवाळीनंतर घडवले आणि दीड महिना सावलीत सुकवले.

नखं पांढरी हवी होती. सिंधुदुर्गात चिनीमातीचे साठे आहेत, पण ती लाल मातीइतकी आकसत नाही, जाड लावली तर सुटून येते. पाण्यात दुधासारखी पातळ कालवली, हात ओलसर असतानाच बोटांच्या टोकांना लावली. दहा नखं, सगळी बोटाच्या मांसापर्यंत कापलेली.