अजगराचं पिल्लू खात नाही? आधी डबा तपासा

बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. घाना, टोगो, बेनिनमध्ये तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर भागवतं आणि पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण 1 ते 2 आठवडे, खात नाही. त्यानंतरही तोंड फिरवत असेल, तर दोष बहुधा उंदराचा नसतो, घराचा असतो.

कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास येतो. पिल्लाला डब्याच्या एका टोकाला 31-32 आणि दुसऱ्या टोकाला 26-27 अंश सेल्सिअस लागतं. अंग गार असलं की पचन मंदावतं, गिळलेलं पोटात कुजतं आणि काही दिवसांनी उलटून पडतं. म्हणून डब्याच्या एक तृतीयांश तळाखाली हीट मॅट हवी, तीही थर्मोस्टॅटसह. नाहीतर पोट भाजतं. लाइट जाण्याची शक्यता असेल त्या रात्री खायला देऊ नका.

मोठी काचेची टाकी शोभेची, पिल्लासाठी मात्र धास्तीची. झाकण घट्ट बसणारा, हवेला भोकं पाडलेला लहान प्लास्टिकचा डबा पुरतो. त्यात दोन्ही टोकांना अंग घासून बसेल इतक्या अरुंद लपणी ठेवा. आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास राहू द्या. आपल्या पावसाळ्यात पाणी फवारण्याची गरजच पडत नाही, उलट तळ ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो. पिल्लू डब्यात सोडल्यावर 5 ते 7 दिवस हात लावायचा नाही. पाहुण्यांना दाखवणंही बंद.

आता खाणं. पिल्लाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के उंदीर द्यावा: 60 ग्रॅमच्या पिल्लाला 6 ते 9 ग्रॅमचा. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरा. त्वचा 38 अंशांच्या आसपास हवी. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता जाणवते, त्यामुळे गार उंदीर त्याला भक्ष्य वाटत नाही. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो, कधी फुटतो. अंधार पडल्यावर लांब चिमट्याने लपणीच्या तोंडाशी धरा आणि हलकेच हलवा. तोंडावर आपटू नका. 10 मिनिटांत पकडला नाही, तर तिथेच ठेवून निघून जा. सकाळी उरलेला फेकायचा, पुढचा प्रयत्न आठवड्याने.

डोळे निळसर दिसत असतील, तर कात पडेपर्यंत थांबा. उसाच्या फडातला उंदीर कधीच नको: त्याच्या पोटात झिंक फॉस्फाइड (उंदीर मारायचं विष) किंवा जंत असू शकतात. जिवंत उंदीर सापाला चावतो, जखम चिघळते.

दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या. सुरुवातीच्या वजनात 10 टक्के घट झाली, तोंडात लाळ-पू दिसला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला किंवा अंगावर काळे ठिपके फिरताना दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. जबरदस्तीने घशात कोंबण्याचा उद्योग घरी करू नये. अन्ननलिका फाटू शकते.

हे सगळं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेल्या परदेशी सापापुरतं. धामण, नाग वगैरे देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तसं पिल्लू सापडलं तर सर्पमित्र किंवा वन विभागाला कळवा.

पहिला घास गेल्यावर 48 तास त्याला उचलू नका. पुढचा उंदीर 7 दिवसांनी, तेवढ्याच आकाराचा. उलटी झाली तर 10 ते 14 दिवस थांबून निम्म्या आकाराचा.