अपघात दाव्याचा निकाल लागला, निकालपत्र मिळेना? नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या

सोलापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात निकाल जाहीर होतो, वकील रक्कम आणि व्याज सांगतात, घरची माणसं एसटीने गावी परततात. पण मयताची कमाई किती धरली, चूक कुणाची किती ठरवली, हे निकालपत्रातच कळतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६८ नुसार निकालाची प्रत १५ दिवसांत पक्षकारांना द्यायची असते. तरीही त्या भरवशावर राहू नका. गावची गाडी धरण्याआधी नक्कल, म्हणजे निकालाची सही-शिक्क्याची प्रत, देणाऱ्या नक्कल विभागात अर्ज द्या.

कारण मुदतीचं आहे. कलम १७३ प्रमाणे उच्च न्यायालयात अपील निकालाच्या तारखेपासून ९० दिवसांत करायचं असतं. मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ नुसार नक्कल मिळवायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. मात्र अर्ज येण्याआधी निकालपत्र तयार करण्यात गेलेला वेळ वगळत नाहीत, असं त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं. म्हणजे अर्जच नसेल तर उशीर न्यायालयाचा, पण दिवस तुमचे जातात.

समजा निकाल २ जूनला लागला. ९० दिवस ३१ ऑगस्टला भरतात. तुम्ही अर्ज १२ जूनला दिला आणि नक्कल ६ जुलैला तयार झाली, तर हे २५ दिवस वगळून मुदत २५ सप्टेंबरपर्यंत जाते. अर्जाआधीचे नऊ दिवस मात्र गेले ते गेलेच. तयार नक्कल २० जुलैला उचलली, तर मधले १४ दिवसही तुमच्याच मुदतीतून जातात. म्हणून खिडकीवर विचारत राहा. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते, ती तिथंच तपासा.

जखमी व्यक्ती, मयताचे वारस, वाहनमालक, विमा कंपनी असे दाव्यातले पक्षकार स्वतः किंवा वकिलामार्फत अर्ज करू शकतात. अर्जात दावा क्रमांक, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि न्यायाधीशांचं नाव लिहा. कोर्ट फी स्टॅम्प लावा, नकलेची फी भरा, ओळखपत्र जवळ असू द्या आणि पोचपावती जपून ठेवा. दावा पंढरपूर किंवा बार्शीला चालला असेल तर अर्ज तिथंच. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत वाचायला चांगली, पण अपिलाला सही-शिक्क्याची नक्कलच लागते.

फक्त आदेशाचा भाग वाचून दाखवला आणि कारणं यायचीच असतील, तर वकिलांकरवी त्याच न्यायाधीशांपुढे लेखी अर्ज द्या. तरीही हाललं नाही तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे विनंती करता येते. यात संकोच नको. मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका प्रकरणात आदेशानंतर कारणं नऊ महिन्यांनी आली, तेव्हा २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर नाराजी नोंदवली होती.

सोलापूर जिल्ह्याची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (खंडपीठाकडे) जातात. ९० दिवस उलटले असतील तर सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. तिथं नकलेच्या अर्जाची पोचपावती उपयोगी पडते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कर्ता पुरुष गमावलेल्या विडी कामगार बाईने तर हा हक्क सोडूच नये. हेल्पलाइन क्रमांक १५१००.