उचलत्या टपाचा पिकअप कॅम्पर आणि ‘अर्धा टन’ नावाचा घोळ

पिकअपच्या हौद्यात बसणारा, टप वर उचलता येणारा कॅम्पर, म्हणजे मुक्कामाचे फिरते घर, घरी बांधायचा म्हटले की बोलणे टपापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. गॅस स्ट्रट (दाबलेल्या वायूवर उघडणारे दांडे) लावायचे की हाताने रेटायचे? भिंती कापडाच्या की एकात एक सरकणाऱ्या कडक? प्रश्न बिनमहत्त्वाचे नाहीत. पण हा कॅम्पर आज दिसतो तसा का झाला, हे टपापेक्षा ॲक्सलवरच्या, म्हणजे चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरच्या, वजनाने जास्त ठरवले आहे.

सुरुवातीचा भाग थोडक्यात. अमेरिकेत 1925 साली कारखान्यातूनच हौदा लावलेली पिकअप मिळू लागली. त्याआधी हौदा ज्याचा त्याने बनवून घ्यायचा. पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाचे प्लायवूड 1930 च्या दशकात आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सहज मिळू लागले. चार बाय आठ फुटांचा ताव आणि मोठ्या पिकअपमध्ये चाकांवरच्या उंचवट्यांमधली चार फुटांहून किंचित जास्त रुंदी, या दोन मापांच्या जुळणीवर घरगुती कॅम्परची अख्खी पहिली पिढी उभी राहिली. हौद्यात एक खोका आणि केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा, एवढाच तो आराखडा. आत माणूस ताठ उभा राहावा म्हणून खोका उंच. रस्त्यावर वाऱ्याला तोंड देणारी आणि वळणावर कलणारीही तीच उंची.

ती उंची फक्त मुक्कामाला हवी आणि प्रवासात नको, हा विचार 1950 च्या दशकात दोन ठिकाणी पक्का झाला. युरोपात व्हॅनचा टप बिजागरीवर एका बाजूने उघडून खाली कापड लावण्याची रीत आली. अमेरिकेत पिकअपसाठी कडक भिंतींचा, वरचा अर्धा भाग हायड्रॉलिकने वर सरकणारा कॅम्पर निघाला. या दुसऱ्या प्रकाराच्या मागे अलास्काचा रस्ता होता. युद्धासाठी 1942 साली घाईने काढलेला हा मार्ग 1948 मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि पुढची कित्येक वर्षे बहुतेक खडीचाच राहिला. हजारो किलोमीटर खडी, थंडी आणि वारा. तिथे कडक भिंतींना पर्याय वाटला नाही तर नवल नाही. पण एकात एक बसणारी दोन खोकी म्हणजे काही ठिकाणी भिंतीही दोन, आणि दोन भिंती म्हणजे दुप्पट वजन.

इथून पुढे गोष्ट गुंतते ती एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘अर्धा टन’.

सुरुवातीच्या काळात ट्रकचे नाव त्याच्या वहनक्षमतेवरून पडे. अमेरिकी टन 2,000 पौंडांचा, म्हणजे सुमारे 907 किलोचा. तेव्हा अर्धा टन म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास, पाऊण टन म्हणजे 680. पुढे स्प्रिंगचे पाटे, चाके, चौकट सगळे दणकट होत गेले, पण नावे चिकटून राहिली. क्षमता सांगणारा शब्द नुसता आकाराचा वर्ग सांगू लागला. घोळ इथेच थांबला असता तरी चालले असते. पण 1970 च्या दशकात प्रदूषणाचे नियम आले आणि काही नियमांची रेषा गाडीच्या कमाल भरलेल्या वजनावर, 6,000 पौंडांवर, म्हणजे सुमारे 2,720 किलोवर आखली गेली. रेषेच्या खालच्या गाड्यांना धूर आवरणारी यंत्रणा बसवणे भाग होते. मग फोर्डने 1975 साली आपल्या एफ-100 या पिकअपच्या जोडीला एफ-150 आणली. ती रेषेच्या जरा वर बसेल अशी बेतलेली होती आणि बाजारात ‘जड अर्धा टन’ म्हणून ओळखली गेली. म्हणजे नाव अर्ध्या टनाचे, क्षमता त्याहून जास्त, आणि जास्त कशासाठी तर नियमातून सुटण्यासाठी. कॅम्परवाल्यांना यात आयता फायदा झाला, हे कबूल केले पाहिजे. पण त्याबरोबर ‘अर्ध्या टनाची गाडी निदान अर्धा टन तर सहज पेलतेच’ हा समज घट्ट बसला. घरगुती बांधणीतल्या बऱ्याच चुका तिथूनच निघतात.

कारण पेलोड म्हणजे कॅम्परचे वजन नव्हे. गाडीच्या कमाल भरलेल्या वजनातून इंधनाने भरलेल्या रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ते पेलोड, आणि त्यातच माणसेही आली. समजा दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर 650 किलो लिहिले आहे. दोन माणसे 150, पाण्याची टाकी 80, बॅटरी, फ्रीज, शेगडी आणि गॅस मिळून 90, कपडे, शिधा व हत्यारे 100. झाले 420. कॅम्परच्या सांगाड्याला उरले 230. बारा मिलिमीटर प्लायवूडचा एक ताव वीस किलोंच्या आसपास भरतो. पाच ताव लागले की शंभर किलो गेले. अजून चौकट, टप, दार, खिडक्या बाकीच आहेत. पाण्याचा हिशोब तर लोक हमखास विसरतात, एक लिटर म्हणजे एक किलो असूनही.

हा गोंधळ सरकारच्या लक्षात आला नव्हता असे नाही. अमेरिकेत 1973 पासून हौद्यात सरकवायच्या कॅम्परवर वजनाची पट्टी लावणे सक्तीचे झाले, आणि त्या पट्टीत पाणी, बाटलीतला गॅस, इतकेच काय बर्फाच्या पेटीतला बर्फही धरायला सांगितले. गुरुत्वमध्य कुठे आहे तेही दाखवायचे, म्हणजे तो मागच्या ॲक्सलच्या मागे तर जात नाही ना, हे गाडीशी ताडून पाहता येईल. नियम शहाणा होता. पण तो विकणाऱ्यांसाठी होता. गॅरेजमध्ये करवत घेऊन बसलेल्या माणसाला पट्टी कोण लावणार?

त्याच वर्षी तेलाची टंचाई आली आणि 1974 च्या सुरुवातीला अमेरिकेत महामार्गावरची वेगमर्यादा ताशी 55 मैलांवर, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरवर आणली गेली. उंच खोका एकाएकी महाग झाला. दोन मीटर रुंदीच्या कॅम्परची प्रवासातली उंची 60 सेंटीमीटरने कमी केली तर वाऱ्यासमोरचे 1.2 चौरस मीटर क्षेत्र जाते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने हा फरक टाकीत दिसतो. ॲल्युमिनियमची चौकट, कापडी भिंती आणि पुढे-मागे बिजागरीवर दुमडणाऱ्या दोन फळ्या असलेला हलका प्रकार याच दशकात रुजला. फळी आतून रेटायची, ती सरळ उभी राहते आणि टप तिच्यावर टेकतो. मोटर नाही, तेल नाही, तार नाही. घरी बांधणाऱ्यांनी आजवर सगळ्यात जास्त नक्कल याच फळीची केली आहे, आणि योग्यच केली.

कडक भिंतींचे पाठीराखे इथे थंडीचा आणि आवाजाचा मुद्दा काढतात. तो खराच आहे. कापडी भिंतीवर आतून दव धरते, रात्री वारा सुटला की कापड फडफडते, आणि शिवणीतून पाणी झिरपू लागले की गादीपर्यंत पोचते. पण आतून दुसरे अस्तर लावून आणि झडप उघडी ठेवून यातले बरेचसे आवरता येते. कडक भिंतींनी वाढवलेले वजन असे आवरता येत नाही.

ते न आवरल्यास काय होते, हे जपानी छोट्या पिकअपांनी दाखवले. 1970 च्या दशकात त्यांच्यावर उचलत्या टपाची सुटसुटीत घरे बसली आणि चांगली चालली. पुढे त्याच छोट्या चौकटींवर उंच, लांब, न्हाणीघरासकटची घरे चढली. काहींना मागे जोडचाके (प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके) असल्याचा आभास होता, पण ॲक्सल साधाच. ते मोडू लागले, आणि गाड्या परत बोलावून ॲक्सल बदलून द्यावे लागले.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतले बदल मोठे आहेत आणि ते एका दिशेने जात नाहीत. मोठ्या केबिनची हौस वाढली तसा आठ फुटांचा हौदा आखडत साडेपाच फुटांवर आला. चार बाय आठचा ताव आता मागून बाहेर डोकावतो. उलट 2015 मध्ये त्याच एफ-150 चे अंग ॲल्युमिनियमचे झाले आणि गाडी तीनशे किलोंपर्यंत हलकी झाली. सगळ्यात मोठा फरक पडला तो भिंतीच्या सामानात. पंचवीस मिलिमीटर एक्सपीएस फोमचा (उष्णता अडवणाऱ्या कडक, हलक्या प्लास्टिक फोमचा) चार बाय आठचा ताव सव्वादोन किलोंच्या आसपास भरतो. त्यावर सुती कॅनव्हास लाकडाच्या गोंदाने चिकटवून वर बाहेरच्या भिंतीचा रंग फासला की बऱ्यापैकी कडक कवच तयार होते. थट्टेने याला गरिबाचे फायबरग्लास म्हणतात. फोमला स्क्रू धरत नाही, म्हणून बिजागरी आणि कडी जिथे यायची तिथे आधीच लाकडी पट्टी पेरून ठेवावी लागते. पहिल्या खेपेला ही पट्टी बहुतेक जण विसरतात.

विजेवर टप उचलणारे दांडे आणि त्यांना पुरेल एवढी लिथियम बॅटरी आता सहज मिळते, त्यामुळे दुमडत्या फळीला पुन्हा स्पर्धक आला आहे. दांडे, कंस आणि तारा मिळून वजन किती वाढले, हे मात्र बटण दाबताना कळत नाही. ते वजनकाट्यावर कळते: आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची, पाण्याची टाकी भरलेली आणि माणसे आत बसलेली. मागच्या ॲक्सलचा आकडा दरवाजावरच्या आकड्याच्या वर गेला, तर पहिल्यांदा दांडेच उतरवायचे.